श्रीरामपूरचा सामाईक संसार

आमच्या घरी माळ्यावर आजोबांच्या दुकानाच्या तीन-चार खतावण्या आहेत. लाल कापडी बांधणीच्या, कडा वाळवीने खाल्लेल्या. त्या मोडीत लिहिलेल्या असल्यामुळे घरात आता कुणालाच वाचता येत नाहीत. त्यांतले निदान आकडे तरी समजावेत म्हणून मी मागच्या सुट्टीत मोडीची अक्षरे गिरवायला घेतली. त्या नादात वाचनात असे आले की, मराठीचा एक अगदी आरंभीचा छापील कोश १८१० सालचा असून त्यातले मराठी शब्द मोडी अक्षरांत छापलेले आहेत. हा कोश पुण्यामुंबईत नव्हे, तर दूर बंगालात छापला गेला. त्याचा कर्ता एक इंग्रज पाद्री होता आणि तारुण्यात तो जोडे शिवून पोट भरत होता. त्याचे नाव विल्यम कॅरी. नावाने थोडी उत्सुकता वाटली म्हणून त्यांचे चरित्र हाती घेतले, आणि मग ते खाली ठेववेना.

कॅरींविषयी जे लिहिले जाते त्यात बहुधा त्यांच्या ग्रंथांची लांबलचक यादी असते. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. भाषाशास्त्रातले मला फारसे कळत नाही. त्यामुळे वाचताना माझे लक्ष सारखे दुसरीकडेच जात राहिले. एवढी कामे करणाऱ्या माणसाचे घर चालत कसे होते? मिळवत कोण होते, खर्चत कोण होते आणि सोसत कोण होते? प्रस्तुत लेखात मी तेवढेच सांगणार आहे. एक खुलासा आधीच करतो. ज्या श्रीरामपुरात हे घर होते ते आपल्या नगरकडचे, साखर कारखान्यांचे श्रीरामपूर नव्हे. हे श्रीरामपूर कलकत्त्याच्या वर, हुगळी नदीच्या काठी. इंग्रज त्याला सेरामपूर म्हणत.

कॅरींचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडातील नॉर्दॅम्प्टनशायरमधल्या पॉलर्सपरी या खेड्यात झाला. वडील आधी विणकर, पुढे गावचे शाळामास्तर. मुलाला उन्हात काम केले की अंगावर त्रास होई, म्हणून शेतीऐवजी त्याला जोडे शिवण्याच्या धंद्यात उमेदवारीला ठेवले. तिथे आरीदोऱ्याबरोबर तो पोरगा लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू शिकला. त्याच धंद्यातल्या मंडळींत त्याचे लग्न जमले. १० जून १७८१ रोजी डोरोथी प्लॅकेट हिच्याशी विवाह झाला. वर एकोणीस वर्षांचा, वधू त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी. चर्चच्या नोंदवहीत डोरोथीने सहीच्या जागी फुली मारली. तिला लिहिता येत नव्हते. पुढे ज्या माणसाने कितीतरी भाषांची व्याकरणे आणि कोश रचले, त्याच्या लग्नाच्या कागदावर बायकोच्या नावापुढे फुली आहे, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

संसार गरिबीचाच. पहिली मुलगी अॅन दोन वर्षांची होऊन तापाने गेली, पुढे ल्यूसी नावाची दुसरीही गेली. कॅरी बॅप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक झाले, तरी शाळा चालवून आणि जोडे शिवूनच घर भागत होते. कामाच्या जागी भिंतीवर त्यांनी हाताने काढलेला जगाचा नकाशा लावला होता. २ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंग गावात मूठभर धर्मोपदेशकांनी परदेशी धर्मप्रसारासाठी एक मंडळ स्थापले. त्या रात्री वर्गणीचे आकडे पडले ते १३ पौंड, २ शिलिंग आणि ६ पेन्स. तपकिरीच्या डबीत गोळा झालेले हे भांडवल. कुठल्याही बॅलन्सशीटमध्ये ही रक्कम पाहून हसूच येईल. पण या १३ पौंडांवर एका माणसाला सहकुटुंब हिंदुस्थानात पाठवायचे ठरले, आणि तो माणूस कॅरी.

सहकुटुंब म्हणायचे खरे, पण कुटुंबाला कुणी विचारले नव्हते. डोरोथीबाई तेव्हा गरोदर होत्या. आपल्या गावापासून चार मैलांवर न गेलेली बाई, पदरी तीन मुले. त्यांनी साफ नकार दिला. १७९३ च्या वसंतात कॅरी थोरल्या फेलिक्सला घेऊन एकटेच निघाले. त्यांचे सोबती जॉन थॉमस हे डॉक्टर होते आणि बंगालात राहून आलेले होते, परंतु जागोजागी कर्ज करून ठेवलेला माणूस. ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना नव्हता, म्हणून दोघांनाही जहाजावरून उतरवण्यात आले. दुसरे, डॅनिश जहाज मिळेपर्यंत थोडा अवधी होता. तेवढ्यात दोघे परत घरी गेले. डोरोथीबाईंना नुकताच मुलगा झाला होता. त्या पुन्हा नाही म्हणाल्या. दोघे बाहेर पडले, आणि थॉमस अर्ध्या वाटेतून मागे फिरले. तुम्ही आला नाहीत तर जन्मभर पस्तावाल, अशा अर्थाचे काहीतरी त्यांनी त्या बाळंतिणीला सुनावले. धाकटी बहीण किटी सोबत येणार असेल तर येते, असे शेवटी डोरोथीबाई म्हणाल्या. काही तासांत घर आवरले. १३ जून रोजी जहाज निघाले आणि पाच महिन्यांनी, ११ नोव्हेंबर १७९३ रोजी कलकत्त्याला पोचले. कॅरी पुन्हा कधीही इंग्लंडला गेले नाहीत. डोरोथीबाईही नाहीत.

पहिली काही वर्षे म्हणजे दिवाळखोरीच म्हणायची. पैशाचा व्यवहार थॉमसांच्या हाती होता आणि तो काही आठवड्यांत संपला. कुटुंब एका गावाहून दुसऱ्या गावी हलत राहिले. डोरोथीबाई आणि थोरला मुलगा आमांशाने बेजार झाले. सुंदरबनात एका इंग्रज अधिकाऱ्याने ओळखदेख नसताना आसरा दिला, आणि पुढे किटीने त्याच्याशीच लग्न केले. म्हणजे जिच्या भरवशावर डोरोथीबाई आल्या होत्या, ती बहीणही मागे राहिली. १७९४ मध्ये मालदा भागात मदनाबाटी येथे नीळ कारखान्याचे व्यवस्थापक म्हणून कॅरींना दरमहा २०० रुपयांची नोकरी लागली. पगार सुरू होताच त्यांनी विलायतेला लिहून कळवले की, आता मला पैसे पाठवण्याची गरज नाही. हिशेबाच्या बाबतीत माणूस असा होता.

त्याच साली पाच वर्षांचा पीटर आमांशाने गेला. प्रेत उचलायला किंवा खड्डा खणायला जातीच्या भयाने कुणी येईना. अखेर चार माणसे तयार झाली, तर गावाने त्यांनाच वाळीत टाकले. आईबाप दोघेही तेव्हा आजारी होते. यानंतर डोरोथीबाई पूर्वीच्या राहिल्या नाहीत. नवऱ्याविषयी त्यांच्या मनात नाही नाही ते संशय भरले. त्या त्यांच्या मागे जात, चारचौघांत ओरडून आरोप करीत. आजच्या काळी त्यांना डॉक्टरकडे नेले असते. तेव्हा असा आजार म्हणजे खोलीचे दार लावून घेणे, एवढाच उपाय.

आता श्रीरामपूर. कंपनी सरकारला आपल्या मुलखात पाद्री नको होते. श्रीरामपूर मात्र डॅनिश राजाच्या ताब्यात होते आणि तिथले गव्हर्नर ओले बी यांनी या मंडळींना आश्रय दिला. १७९९ च्या ऑक्टोबरात विल्यम वॉर्ड हे छपाईचे जाणकार आणि जोशुआ मार्शमन हे शिक्षक, पत्नी हॅनाबाई व मुलांसह, तिथे उतरले. १० जानेवारी १८०० रोजी कॅरी आपले कुटुंब घेऊन त्यांना येऊन मिळाले. नदीकाठचे एक मोठे घर सहा हजार रुपयांना विकत घेतले, आणि येथून एका विलक्षण एकत्र कुटुंबाला सुरुवात झाली.

नियम साधे होते. सगळ्यांची मिळकत एकाच तिजोरीत जायची. खासगी धंदा कुणी करायचा नाही. प्रत्येक कुटुंबाला हातखर्चाला ठरावीक थोडी रक्कम. घरखर्चाचा कारभार दर महिन्याला पाळीपाळीने एकाकडे. आणि दर शनिवारी संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसून आठवड्यातली भांडणे मिटवायची. हा शेवटचा नियम मला फार आवडला. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबांत रोजमेळ रोज लिहिला जातो. रुसव्याफुगव्यांचा मेळ मात्र कुणी घालत नाही, आणि मग एक दिवस अंगणात भिंत उभी राहते.

दिवसाचा क्रमही ठरलेला होता. सहाच्या सुमारास उठायचे. कॅरी बागेत जात, मार्शमन सातला शाळेत, वॉर्ड आणि फेलिक्स छापखान्यात. आठाला घंटा झाली की सारे दिवाणखान्यात प्रार्थनेला जमत, मग न्याहारी. त्यानंतर कॅरी भाषांतराला किंवा मुद्रिते तपासायला बसत. बाराला थोडे खाणे, मग दाढी, आंघोळ, जराशी वामकुक्षी. तीनला जेवण. सातला चहा. रात्रीचे जेवण जवळजवळ नाहीच. इंग्रज साहेब म्हणजे खानसामे, पंखेवाले आणि मेजवान्या असे जे चित्र आपल्या डोळ्यांपुढे असते, त्याच्याशी हे अजिबात जुळत नाही. ह्या एकाच टेबलावर तीन-चार कुटुंबे, अनाथ मुले आणि पाहुणे जेवत. त्या टेबलामागची व्यवस्था बव्हंशी हॅनाबाई मार्शमन पाहत. त्यांना स्वतःला बारा मुले झाली, त्यांतली कितीतरी गेली. त्याच वर्षी त्यांनी आणि नवऱ्याने मुलामुलींच्या निवासी शाळा काढल्या आणि त्यांच्या फीची चांगली रक्कम तिजोरीत पडू लागली. कॅरींची मुले आई असून आईविना वाढत होती, बापाला सवड नव्हती, त्यामुळे ती उनाड झाली होती. त्यांनाही हॅनाबाईंनी आणि वॉर्डांनी ताळ्यावर आणले. फेलिक्स तर छापखान्यात इतका रमला की वॉर्डांचा उजवा हात झाला. थोर पुरुषांच्या चरित्रात अशी बाई कोपऱ्यात कुठेतरी दोन ओळींत असते. खरे तर त्या घराच्या भागीदारीत हॅनाबाईंचा वाटा कुणापेक्षा कमी नव्हता.

१८०१ साली कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या तरुण अंमलदारांना बंगाली आणि संस्कृत शिकवण्यासाठी कॅरींची नेमणूक झाली. पगार दरमहा ५००. पुढे मराठीही त्यांच्याकडे आली आणि १८०७ साली ते प्राध्यापक झाले तेव्हा पगार १००० झाला. त्या काळचे हजार रुपये! हे सगळे तिजोरीत. कॅरींच्या हातखर्चात थोडीशी भर घातली गेली ती एवढ्यासाठी की, कॉलेजात आणि लाटसाहेबांच्या वाड्यावर जाताना अंगावर बरे कपडे असावेत. दर मंगळवारी संध्याकाळी होडीने कलकत्त्याला जायचे आणि शुक्रवारी परत यायचे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा परिपाठ झाला.

त्यांच्या कलकत्त्यातल्या १८०६ सालच्या एका दिवसाची हकीकत त्यांनीच एका पत्रात कळवलेली आहे. पावणेसहाला उठून हिब्रूतला एक अध्याय, प्रार्थना, मग नोकरमाणसांसह बंगालीत उपासना. चहा होईपर्यंत मुन्शीबरोबर फारसी. न्याहारीआधी हिंदुस्थानी. नंतर पंडिताबरोबर रामायणाचे भाषांतर, दहा वाजता कॉलेज. परत आल्यावर बंगालीची मुद्रिते. जेवणानंतर कॉलेजचे मुख्य पंडित मृत्युंजय यांच्यासह संस्कृत भाषांतर. सहानंतर तेलुगू शिकवणारे पंडित. साडेसातला इंग्रजीत प्रवचन. मग अकरापर्यंत पुन्हा बंगाली भाषांतर, त्यानंतर पत्रे, आणि झोपण्यापूर्वी ग्रीकमधला एक अध्याय. परीक्षेच्या आदल्या रात्रीसुद्धा माझ्याकडून याच्या चौथाईही अभ्यास होत नाही, हे कबूल केलेले बरे.

पण श्रीरामपुरात असताना जे काम चाले ते कसल्या परिस्थितीत? शेजारच्या खोलीत डोरोथीबाई कोंडलेल्या असत आणि पुष्कळदा त्यांचा आकांत भिंतीतून ऐकू येई. त्या भिंतीच्या अलीकडे कॅरी भाषांतर करीत बसलेले असत. २८ डिसेंबर १८०० हा दिवस मिशनच्या इतिहासात मोठा मानला जातो, कारण सात वर्षांच्या खटपटीनंतर त्या दिवशी पहिला हिंदू, कृष्ण पाल नावाचा सुतार, ख्रिस्ती झाला. हुगळीच्या घाटावर गव्हर्नरसाहेब आणि मोठी गर्दी होती. त्या वेळी घरात एका खोलीत डोरोथीबाई, आणि दुसरीकडे हर्षाने भ्रमिष्ट झालेले डॉक्टर थॉमस, दोघेही ओरडत होते. धर्मांतराच्या प्रश्नात मी येथे शिरत नाही. ते कॅरींच्या आयुष्याचे उद्दिष्ट होते आणि त्यांनी ते कधी लपवले नाही. त्याविषयी वाचकांची मते वेगवेगळी असणार. मला त्या दिवशीची घाटावरची गर्दी आणि घरातली बंद खोली, दोन्ही एकदम दिसतात एवढेच.

आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात की, प्रत्येक जमेला कुठेतरी नावे पडलेच पाहिजे, नाहीतर तेरीज जुळत नाही. श्रीरामपूरच्या जमेच्या बाजूला व्याकरणे आहेत, कोश आहेत, शाळा आहेत. नावेच्या बाजूला मला १८०७ चा डिसेंबर दिसतो. ८ डिसेंबरला डोरोथीबाई वारल्या. त्यांतली बारा वर्षे मन ठिकाणावर नसलेली. कॅरींनी त्यांना कठोरपणे वागवले असे कुठेही आढळत नाही, उलट पुष्कळ सोसले. परंतु ज्या कामासाठी हे सारे चालले होते ते काम डोरोथीबाईंनी निवडलेले नव्हते, आणि त्याची सर्वांत मोठी किंमत त्यांच्याच खात्यावर पडली. कॅरींचे चाहते असलेले चरित्रकार पूर्वी त्यांना नवऱ्याच्या मार्गातली धोंड समजून लिहीत. हे मला पटत नाही. त्या बाईने तीन मुले पुरली, देश सोडला, बहीण सुटली. आपल्याकडच्या एखाद्या बाईच्या नशिबी हे आले असते तर आपण तिला काय म्हटले असते?

पाच महिन्यांनी, मे १८०८ मध्ये, कॅरींनी दुसरे लग्न केले. घाई सहकाऱ्यांना आवडली नाही. त्यांनी लेखी विनंती करून ते थांबवण्याचा प्रयत्न केला. पण वधूची ओळख पटल्यावर ती लेखणी त्यांनी खाली ठेवली. शार्लट रूमोर या डेन्मार्कच्या राज्यातल्या खानदानी घरच्या, कॅरींच्याच वयाच्या. पंधरा-सोळाव्या वर्षी घराला लागलेल्या आगीत सापडल्यामुळे त्यांना जिने चढणे कधी जमले नाही, बोलण्यावरही परिणाम झाला होता. गरम हवेने प्रकृती सुधारेल म्हणून त्या हिंदुस्थानात आल्या आणि श्रीरामपुरात घर बांधून राहिल्या. कॅरींकडून इंग्रजी शिकल्या, १८०३ मध्ये त्यांच्याच पंथात आल्या. लग्नानंतर आपले घर त्यांनी मिशनला देऊन टाकले आणि त्याचे भाडे देशी उपदेशकांच्या खर्चाला लावले.

पुढची तेरा वर्षे या घराची सुखाची. सत्तेचाळिशीत लग्न केलेले हे जोडपे मला डोळ्यांपुढे आणता येते. कॅरी पहाटे बागेत. न्याहारीनंतर नवरा पंडितांबरोबर, बायको पुस्तकांबरोबर. शार्लटबाईंना युरोपातल्या अनेक भाषा येत, त्यामुळे एखादे वचन दुसऱ्या भाषेत कसे उतरले आहे हे नवऱ्याबरोबर ताडून पाहायला आता घरातच माणूस होते. ज्यांच्या पहिल्या बायकोने फुली मारली, त्यांना पन्नाशीच्या सुमारास शब्दावर बोलायला सोबत मिळाली. मुलींच्या शाळांकडे शार्लटबाईंचे लक्ष असे, गोरगरिबांची ये-जा असे. हवापालटासाठी त्या बाहेरगावी गेल्या की दोघांची पत्रे सुरू होत. वयस्कर पाद्री जोडप्याच्या दैनंदिनीत याहून नाट्यमय काही नाही, आणि मला वाटते हेच त्यातले भाग्य होते.

याच काळात आपल्या भाषांची कामे झाली. मराठी व्याकरण १८०५ मध्येच निघाले होते. कोश १८१० मध्ये आला, आणि त्याला मोडी का वापरली याचे कारण माझ्या आजोबांना न सांगता कळले असते. त्या काळी व्यवहाराची, दप्तराची आणि दुकानाची लिपी मोडीच होती, आणि अंमलदारांना तीच वाचावी लागणार होती. मोडीचे छापील खिळे पाडणे सोपे नव्हते. तेथले खिळे घडवणारे कसबी लोक पंचानन कर्मकार आणि त्यांचा जावई मनोहर यांचे नाव म्हणून येथे घेतले पाहिजे. मराठीच्या कामात मुख्य हात पंडित वैजनाथ यांचा. सिंहासनबत्तिशी, हितोपदेश आणि रघोजी भोसल्यांची वंशावळी ही मोडीतली पुस्तके त्यांच्याच परिश्रमाची. पुढे मोल्सवर्थचा १८३१ चा कोश आला आणि कॅरींचा मागे पडला. ते योग्यच झाले, कारण मोल्सवर्थचा कोश फारच मोठा आणि चांगला आहे.

आपल्या अंकाच्या कन्नड विभागातल्या मित्रांसाठी एक गोष्ट. ११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली. सुमारे सत्तर हजार रुपयांचे नुकसान झाले. कागद, खिळे, हस्तलिखिते, सगळे गेले. जळालेल्यांत कॅरींचा संपूर्ण कन्नड नवा करार होता, तेलुगू व्याकरण होते, रामायणाचे वर्षभराचे काम होते, आणि संस्कृतसह अनेक भारतीय भाषांचा मिळून एक मोठा कोश होता. कॅरी त्या दिवशी कलकत्त्यात होते. दुसऱ्या दिवशी मार्शमन त्यांना सांगायला गेले. संध्याकाळी राखेत उभे राहून त्यांनी पाहिले, आणि नंतर पुन्हा पहिल्या पानापासून लिहायला बसले. पाच वर्षांनी, १८१७ मध्ये, त्यांचे कन्नड व्याकरण छापून बाहेर पडले. ढिगाऱ्यात खिळ्यांचे पोलादी ठसे शाबूत सापडले होते. वितळलेल्या शिशातूनच नवे खिळे ओतून वॉर्डांनी काही आठवड्यांत छपाई सुरू केली. विलायतेत नुकसानीएवढी वर्गणी सुमारे दोन महिन्यांत जमली. तेरा पौंडांपासून येथपर्यंतचा हा प्रवास वीस वर्षांतला.

बागेविषयी लिहायचे तर वेगळा लेख होईल. सुमारे पाच एकरांची ती बाग कॅरींची एकमेव चैन होती. रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाचे ग्रंथ त्यांनी छापून काढले, आणि रॉक्सबर्गने एका झाडाला त्यांचे नाव दिले. ते झाड म्हणजे आपला कुंभा. खानापूरकडच्या जंगलात कुंभा सर्रास आहे. जाड सालीचा, वणव्यातही तगणारा. यंदा त्याच्याखाली उभा राहिलो तेव्हा लॅटिन नावातले कॅरी आठवले.

एकत्र कुटुंबाची भिंत अखेर उभी राहिलीच, आणि ती बाहेरच्यांनी बांधली नाही. विलायतेतले जुने कार्यवाह फुलर १८१५ मध्ये वारले आणि नव्या मंडळींना श्रीरामपूरची मालमत्ता कुणाच्या नावावर आहे हे कागदावर हवे होते. नव्याने आलेल्या तरुण पाद्र्यांना ज्येष्ठांचा कारभार, विशेषतः मार्शमनांचा, जाचक वाटे. ते कलकत्त्याला वेगळे झाले. त्यांच्यात कॅरींचा सख्खा पुतण्या युस्टेस होता. ज्येष्ठांनी लाखो रुपये तिजोरीत घातले होते, आणि तरी ऐषारामाचे आरोप झाले. तरुणांची बाजूही मला थोडी समजते. पन्नाशीच्या तीन माणसांनी आपसांत ठरवलेले नियम विशीतल्या माणसाला घरचे वाटत नाहीत. शेवटी १८२७ मध्ये विलायतेच्या मंडळाशी संबंध तुटले. त्यानंतर १८३० च्या जानेवारीत कलकत्त्याची पामर आणि कंपनी ही बडी पेढी बुडाली आणि तिच्यापाठोपाठ इतरही पेढ्या. श्रीरामपूरचा पैसा त्यांत होता. त्याच वर्षी कॉलेजातली प्राध्यापकी गेली आणि कॅरी निवृत्तिवेतनावर आले.

घरातली माणसे तर त्याआधीच गेली होती. ३० मे १८२१ रोजी शार्लटबाई वारल्या. १८२२ मध्ये फेलिक्स गेला, आणि १८२३ च्या मार्चमध्ये वॉर्ड, पटकीने. ग्रेस ह्यूज नावाच्या विधवेशी कॅरींनी तिसरे लग्न केले होते. १८२३ च्या ऑक्टोबरात होडीतून उतरताना घसरून कॅरींना जबर दुखापत झाली तेव्हा ग्रेसबाईंनीच शुश्रूषा केली. ते अंथरुणात असतानाच दामोदरला पूर येऊन बाग वाहून गेली. बरे झाल्यावर त्यांनी पुन्हा वाफे केले. अखेरच्या दिवसांत चालवेना तेव्हा माळ्यांना खोलीत बोलावून झाडांची विचारपूस करीत, चाकांच्या खुर्चीवरून बागेत नेववून घेत. ९ जून १८३४ रोजी पहाटे ते गेले.

त्यांचे मृत्युपत्र मी दोनदा वाचले. हिशेबाच्या दृष्टीने ते फार स्वच्छ आहे. मिशनच्या घरांवर आणि जमिनीवर आपला कसलाही हक्क नाही, असे त्यांनी सुरुवातीलाच नोंदवले आहे. संग्रहातले शंखशिंपले आणि खनिजे कॉलेजला. जाबेझ या मुलाला पंधराशे रुपये द्यायचे होते, कारण बाकीच्या मुलांना तितके आधी दिले गेले होते. तेवढी रोकड नव्हती, म्हणून पुस्तके विकून ती रक्कम उभी करायची. हजार रुपये पगार घेतलेल्या माणसाची ही शिल्लक. आणि शेवटी, आपल्याला दुसरी पत्नी शार्लट हिच्या शेजारी पुरावे. तशी व्यवस्था झाली. श्रीरामपूरच्या त्या मिशनच्या दफनभूमीतच, तेथून जवळ, डोरोथीबाईही आहेत.